स्टॅम्पवर लिहून लेकराचा हक्क सुटत नाही

येरमाळ्यात किंवा आसपासच्या गावांत नवरा-बायकोचं बिनसलं की कुणी थेट कोर्टात जात नाही. आधी भावकी बसते. मग दोन्हीकडची चार जाणती माणसं, सरपंच, कधी पोलीस पाटील. चहा होतो, आवाज चढतात, उतरतात, आणि शेवटी कुणीतरी गाडीला किक मारून कळंबहून स्टॅम्प आणतो. त्यावर मजकूर ठरलेला असतो : आजपासून उभयतांची फारकत झाली, दिल्या-घेतल्याचा हिशोब मिटला, लेकरू आईकडे राहील आणि आई त्याच्या खर्चासाठी पुढे काहीही मागणार नाही. खाली सह्या, अंगठे, साक्षीदार.

बैठकीला नावं ठेवायचं कारण नाही. भांडी, दागिने, लग्नातला खर्च हे बैठकीत मिटतं आणि मिटावंही. पण वरच्या कागदातली बाकीची तिन्ही कलमं कच्ची आहेत. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे आणि त्याखाली लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. एखाद्या समाजात फारकतीची रूढी असेल तर कायदा तिला मान देतो, पण ती रूढी जुनी आणि अखंड आहे हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नुसत्या स्टॅम्पच्या भरवशावर दुसरं लग्न करणारा पुढे गुन्ह्यात अडकतो. त्याहून वाईट म्हणजे, त्या दुसरीची बायको म्हणून असलेली जागाच डळमळीत राहते. लेकरू कुणाकडे राहील हे आई-बापाने आपसात ठरवलं तरी कोर्ट त्याला बांधील नसतं. आणि तिसरं कलम तर सगळ्यांत पोकळ. पोटगी हा लेकराचा स्वतःचा हक्क आहे. जो हक्क आईचा नाहीच, तो आई सोडून कशी देणार?

माझ्या मते कौटुंबिक खटल्यांतली निम्मी गफलत इथे आहे. घरचे लोक वाद दोघांचा समजतात. कोर्ट तो तिघांचा समजतं, आणि तिसऱ्याला बोलता येत नाही म्हणून त्याची बाजू आधी बघतं.

कोणतं दार ठोठवायचं

येरमाळा कळंब तालुक्यात येतं, त्यामुळे रोजच्या गरजेचं कोर्ट कळंबचं. तिथले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पोटगीचा अर्ज आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज ऐकतात. लेकराचं पालकत्व आणि कायमचा ताबा यांचा अर्ज १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात, म्हणजे धाराशिवला करायचा असतो. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर त्याच दाव्यात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, लेकराचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांचा हुकूम मागता येतो. कौटुंबिक न्यायालय ज्या भागासाठी नेमलेलं असतं तिथे हे बहुतेक अर्ज त्याच एका ठिकाणी जातात. १९८४ च्या कायद्यानुसार तिथे वकील हा हक्काने मिळत नाही, न्यायाधीशांच्या परवानगीने येतो, आणि समुपदेशकाकडे बसून तडजोडीचा प्रयत्न आधी होतो. आपला अर्ज नेमका कुठे पडेल हे विधी सेवा कार्यालयात पहिल्याच खेपेला विचारून घ्यावं. चुकीच्या कोर्टात सहा महिने घालवून अर्ज परत मिळाला की माणूस खचतो.

गावात एक सवय आहे : आधी पोलीस ठाणं. मारहाण झाली असेल, जीवाला धोका असेल तर ठाण्यातच जावं, येरमाळ्याला ठाणं आहेच. पण 'चारशे अठ्ठ्याण्णव टाका, म्हणजे सरळ येतील' हा सल्ला लेकराच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही. बायकोच्या छळाचं ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ झालं आहे. त्यात शिक्षेची तरतूद आहे, महिन्याच्या दुधा-दप्तराच्या पैशांची नाही. पोलीस लेकराचा ताबाही ठरवत नाहीत. बापाने लेकरू उचलून नेलं म्हणून आई ठाण्यात रडत जाते आणि 'कोर्टातून ऑर्डर आणा' असं ऐकून परत येते. ऐकायला कठोर वाटतं, पण ताबा ठरवण्याचं काम खरंच कोर्टाचं आहे.

अशा बाईसाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज. एकाच अर्जात राहत्या घरातून हुसकू नये असा आदेश, महिन्याचा खर्च, नुकसानभरपाई आणि लेकराचा तात्पुरता ताबा, चारही गोष्टी मागता येतात. अर्ज वकिलामार्फत करता येतो किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन. तो घडलेल्या प्रकारांचा अहवाल विहित नमुन्यात भरून कोर्टाकडे पाठवतो. सासर सोलापूरला असो की पुण्याला, बाई माहेरी येऊन तात्पुरती जरी राहत असली तरी माहेरच्या हद्दीतलं कोर्ट हा अर्ज घेतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. साठ दिवसांचं प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा. पण अंतरिम आदेश मात्र लवकर मिळू शकतो, म्हणून अंतरिम अर्ज मूळ अर्जासोबतच द्यावा.

पोटगी : उत्पन्न दाखवायचं कसं

फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ सगळ्यांना तोंडपाठ आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आलं आहे. धर्म कोणताही असो, लेकरू लग्नातलं असो वा लग्नाबाहेरचं, स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर अठरा वर्षांपर्यंत बापाकडून खर्च मागता येतो. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला अठराची अट नाही. हिंदू मुलगी अविवाहित असेल आणि तिला स्वतःचं भागवता येत नसेल, तर १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याखाली अठरानंतरही हक्क राहतो.

आता अडचण उत्पन्नाची. नोकरदाराची पगाराची पावती असते. आपल्याकडचा नवरा कोर्टात सांगतो, 'साहेब, कोरडवाहू आहे, पाऊस नाही, मजुरीवर भागवतो.' यावर उपाय नागपूरच्या एका वादातून निघाला. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने ठरवलेली पत्नी आणि लहान मुलाची अंतरिम पोटगी वर्षानुवर्षं रखडत गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. ४ नोव्हेंबर २०२० चा 'रजनीश विरुद्ध नेहा' हा तोच निकाल. त्यात देशभरासाठी नियम घालून दिला : पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची.

या निकालाला जोडलेल्या नमुन्यांत शेतकरी कुटुंबासाठी वेगळा नमुना आहे, आणि तो भरायला बसलं की शपथेवर पळवाट काढणं अवघड होतं. जमीन किती आणि त्यात हिस्सा किती, बागायत की कोरडवाहू, पिकं कोणती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, जमीन बटईने घेतली आहे का, म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या किती, त्यांचं उत्पन्न काय, जमिनीवर कर्ज आहे का. येरमाळ्याच्या बाईने आपल्या वकिलाला हा नमुना आवर्जून मागावा. नवरा खोटं लिहील अशी भीती असेल तर आपल्याकडचे कागद आधी जमवावेत. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात. ऊस कारखान्याला जात असेल तर वजनाच्या पावत्या आणि बिलाची बँकेतली नोंद, दूध घालत असेल तर डेअरीचं बिल, पीकविम्याच्या पावतीवरचं पीक आणि क्षेत्र. सातबाऱ्यावर नुसतं सोयाबीन असतं आणि विमा भरताना शेजारचा पट्टाही निघतो, असंही होतं. ट्रॅक्टर असेल तर नंबर टिपून ठेवा. ऊसतोडीचा मुकादम असेल तर टोळी किती कोयत्यांची आणि कोणत्या कारखान्याला, हे गावातली माणसं सांगतात.

बाईनेही आपलं उत्पन्न लपवू नये. शिलाई करत असेल, रोजंदारीवर जात असेल, तर लिहावं. त्याने लेकराची पोटगी बुडत नाही. उलट खोटं उघडं पडलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. दुसऱ्या कायद्याखाली आधी काही रक्कम मंजूर झाली असेल तर तीही सांगायची असते. कोर्ट ती धरून हिशोब करतं.

लेकरू कुणाकडे

कायद्याच्या पुस्तकात १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं कलम ६ सांगतं की नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्यानंतर आई, पण पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईकडे. यातल्या 'त्यानंतर'चा अर्थ कित्येक वर्षं 'बाप मेल्यानंतर' असा लावला गेला. विदर्भातल्या एका शेतजमिनीच्या वादात, जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या १९७० च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की बाप जिवंत आहे पण वर्षानुवर्षं वेगळा राहतो आणि मुलीच्या कारभारात लक्षच घालत नाही. मग तो नसल्यासारखाच, असं म्हणून न्यायालयाने आईला पालक मानलं. पुढे १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात हाच धागा पुढे नेला गेला. रिझर्व्ह बँकेने मुलाच्या नावाच्या रोख्यांसाठी बापाची सही मागितली होती. बाप प्रत्यक्ष लक्ष देत नसेल तर आई पालक, असा अर्थ आता पक्का झाला आहे. शाळेत, बँकेत किंवा तलाठ्याकडे 'वडिलांना घेऊन या' म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

तरीही ताबा द्यायचा की नाही हे कलम ६ वरून ठरत नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सगळ्यांच्या वर बसतं : लेकराचं हित. मुस्लिम कुटुंबात मुलगा-मुलगी किती वर्षं आईकडे राहतील याचे नियम शरियतीत वेगळे आहेत, पण कोर्ट तिथेही हिताचाच विचार पुढे ठेवतं. आई गरीब आणि बाप सधन, एवढ्यावर लेकरू बापाकडे जात नाही. आई ऊसतोडीला जाते म्हणून ती नालायकही ठरत नाही. पण ती जाते त्या महिन्यांत लेकरू कुठे असतं, आजीकडे, मामाकडे की हंगामी वसतिगृहात, त्याची शाळा सुटते की चालू राहते, याचं उत्तर तिच्याकडे हवं. शाळेचं हजेरीपत्रक, प्रगतिपुस्तकावर कुणाची सही आहे, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतली नोंद, दवाखान्याचे कागद : हे पुरावे नवऱ्याच्या दारूबद्दल दहा साक्षीदार उभे करण्यापेक्षा जास्त वजनाचे ठरतात. लेकराचं रोजचं आयुष्य कोण सांभाळतं, हे त्यांतून दिसतं.

कधी लेकरू आईकडेही नसतं, बापाकडेही नसतं. आई कर्करोगाने गेलेली, बाप आजारी पडलेला, आणि तान्ही मुलगी मावश्यांनी वाढवलेली, असा महाराष्ट्रातला एक वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. मावश्यांनी प्रेमाने सांभाळलं हे न्यायालयाने मान्य केलं, पण बाप बरा झाला आहे, तो नालायक नाही, म्हणून मुलगी त्याच्याकडे दिली. 'आम्हीच वाढवलं' हा हक्क नव्हे, एवढं आजी-आजोबांनी, मामा-मावशीने ध्यानात ठेवावं. पण त्यांनी सांभाळल्याची नोंद हुकमात राहते.

जरा कळती मुलं असली की न्यायाधीश त्यांना चेंबरमध्ये बोलावतात. आई-बाप बाहेर, वकील बाहेर. काळ्या कोटांच्या गर्दीतून आत गेलेलं आठ-नऊ वर्षांचं पोरगं खुर्चीच्या कडेवर बसतं. प्रश्न साधे असतात : शाळेत डब्यात काय नेतोस, अभ्यासाला कुणाजवळ बसतोस, ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं, तिकडे गेल्यावर कुणाबरोबर खेळतोस. पाच-दहा मिनिटांत बरंच कळतं. पढवून पाठवलेलं लेकरू तर पहिल्या मिनिटात कळतं, कारण आठ वर्षांचं पोर 'माझ्या आईचं वागणं बरोबर नाही' असं आपणहून बोलत नाही. ते वाक्य कुणाचं हे समोरच्याला लगेच उमगतं आणि ते ज्याचं, त्याच्याच अंगावर उलटतं. म्हणून तारखेच्या आदल्या रात्री लेकराला काहीही शिकवू नका. 'न्यायाधीश विचारतील ते खरं सांग' एवढं पुरे. लेकराची इच्छा कोर्ट ऐकतं. मात्र निकाल त्या एकट्या इच्छेवर लागत नाही, त्यामुळे 'तू म्हणालास म्हणून असं झालं' हे ओझं त्याच्यावर टाकू नये.

ताब्याच्या हुकमापेक्षा भेटीचा हुकूम जास्त वेळा मोडतो, कारण तो मोघम लिहिलेला असतो. 'वडिलांना भेटण्याची मुभा राहील' एवढ्या ओळीवर दर महिन्याला भांडण होतं. वकिलाला तपशील घालायला सांगा : कोणते रविवार, किती वाजता, कुणी आणायचं, कुठे सोडायचं, आजारी असल्यास बदली तारीख कोणती, दिवाळीचे किती दिवस कुणाकडे, उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी. येरमाळ्याच्या कुटुंबाने चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत लेकरू कुणाकडे असेल हेही लिहून घ्यावं. हसण्यासारखं वाटेल. पण पालखी आमराईत असताना लेकराच्या दोन हातांना दोन बाजूंनी ओढणारी माणसं पाहिली की हसू येत नाही.

हद्दीचा मुद्दा ऊसतोड कुटुंबांना हमखास छळतो. पालकत्वाचा अर्ज लेकरू जिथे एरवी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो. चार-पाच महिने टोळीबरोबर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात गेलं म्हणून लेकराचं राहतं ठिकाण सहसा बदलत नाही. शाळेचं नाव आणि रेशनकार्ड इथलं असेल तर ते दाखवावं. नवरा टोळीत असेल तर अर्जात गावच्या पत्त्याबरोबर कारखान्याचा, मुकादमाचा पत्ता आणि मोबाइल नंबरही द्यावा. नोटीस बजावली गेली नाही, हेच अशा खटल्यांत वर्ष वाया जाण्याचं पहिलं कारण असतं. नवऱ्याने पुण्यात आधीच घटस्फोटाचा दावा टाकला असेल तर घाबरून गप्प बसू नये. पत्नी राहते तिथेही दावा करता येतो, आणि पुण्याचा दावा इकडे वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. लेकरू लहान आहे, प्रवासाची सोय नाही, खर्च झेपत नाही, ही कारणं तिथे ऐकली जातात.

सातबाऱ्यावरचं अ.पा.क.

बाप गेल्यावर सातबाऱ्यावर लेकरांची नावं लागतात आणि पुढे तीन अक्षरं येतात : अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि बहुधा आईचं नाव. ही अक्षरं म्हणजे मालकी नव्हे. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकायला, गहाण टाकायला किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायला आधी न्यायालयाची परवानगी लागते. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं कलम ८ तसं सांगतं. गरज काय आणि त्यात लेकराचा फायदा काय हे पटलं तरच परवानगी मिळते, आणि पैसे बऱ्याचदा लेकराच्या नावाने बँकेत ठेवायला लावतात. परवानगीशिवाय विकलेली जमीन लेकरू सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा करून परत मागू शकतं. म्हणून घेणाऱ्यानेही स्वस्त मिळते म्हणून हुरळू नये. एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या जमिनीला मात्र हा नियम जसाच्या तसा लागत नाही, तिथे कर्त्याचे अधिकार वेगळे असतात. जमीन नावावर कशी आली हे जुने फेरफार काढून पाहिल्याशिवाय कुणीही, चुलत्याने तर मुळीच, 'वहिनी, इथं सही करा' म्हणू नये.

दत्तकाचंही तसंच. भावाचं लेकरू घ्यायचं असेल तर हिंदू कायद्यात दत्तकपत्र करता येतं. लेकरू पंधराच्या आतलं, अविवाहित, देणाऱ्या-घेणाऱ्यांची संमती, आणि पत्र नोंदणीकृत असलेलं बरं. अनोळखी लेकरू कुठल्या दवाखान्यातून 'घेऊन' येणं हा गुन्हा आहे. ते बाल कल्याण समिती आणि सरकारी दत्तक प्रक्रियेतूनच मिळतं, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

लग्न लावण्याची घाई

मुलगी सोळाची झाली की तिचं लग्न लावून जोडीने कोयता धरायचा, हा हिशोब आपल्या भागात अजून संपलेला नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलीला अठरा, मुलाला एकवीस. लग्न लावणारे, ठरवणारे, रोखू शकत असून न रोखणारे, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावचा ग्रामसेवक, ज्याचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर नाव गुप्त राहतं. तारीख ठरली आहे असं कळलं तर न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं.

लग्न होऊन गेलं असेल तर? ते आपोआप रद्द होत नाही. मुलीला ते मोडून मागता येतं, आणि तिच्या वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो. कोर्ट तिला दुसरं लग्न होईपर्यंत पोटगी देऊ शकतं, आणि तोवर लेकरू झालं असेल तर ते कायद्याने औरसच. पण बहुतेक घरांना खरा धक्का बसतो तो बाळंतपणाला. दवाखान्यात आधार कार्ड मागतात, वय सतरा निघतं, आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. मग नवऱ्यावर पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा, लागतो. अशा खटल्यात मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते, तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, गणवेश न घालता. कोर्टात साक्ष बंद दारामागे होते आणि आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था करायची असते. ती नसेल तर मुलीच्या बाजूच्या माणसाने न्यायाधीशांना तसं सांगावं, लाजू नये.

वकील, तारीख आणि नक्कल

पैसे नाहीत म्हणून अडून राहू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाई आणि लेकरू यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यातून होतो. कळंबच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, धाराशिवला जिल्हा प्राधिकरण, आणि फोनवर १५१००. सोबत आधार, लग्नाचा पुरावा, लेकराचा जन्मदाखला आणि घडलेल्या गोष्टींचं तारीखवार टिपण न्या. वकील नेमल्याचं पत्र मिळतं, ते जपा. तो वेळ देत नसेल तर लेखी सांगून बदलून मिळतो.

लोकअदालतीत प्रकरण ठेवायला सांगितलं तर नीट विचार करा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. झटपट मिटतं हे खरं, पण सही करण्याआधी लेकराचा महिना किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती वाढणार आणि शाळेची फी कुणी भरायची, हे शब्दशः लिहिलेलं आहे का ते मोठ्याने वाचून घ्या. संमतीने घटस्फोट घेतानाही हेच. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि पहिल्या-दुसऱ्या तारखेत सहा महिन्यांचं अंतर असतं. हे अंतर योग्य प्रकरणात माफ होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. सगळं एकरकमी मिटवून टाकू, असं नवऱ्याकडचे म्हणतात. बायकोच्या पुरतं ते चालतं. लेकराची रक्कम मात्र गरजेप्रमाणे पुढे वाढवून मागता येते, मग कागदावर काहीही असो.

पुकारा झाल्यावर तुम्ही व्हरांड्यात चहा पीत असाल तर 'अर्जदार गैरहजर' अशी नोंद रोजनाम्यात पडते, आणि दोन-तीनदा तसं झालं की अर्ज निकाली निघतो. प्रत्येक केसला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो फोनमध्ये ठेवला की ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख आणि आजचा शेरा घरबसल्या दिसतो, वकिलाला दहा फोन करावे लागत नाहीत.

हुकूम झाला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करा. पोटगी बँक खात्यातच घ्या, हातात नको. हातात दिलेले हजार पुढे कोर्टात पाच हजार होतात. पैसे थांबले तर वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि ज्या महिन्याची रक्कम थकली त्यापासून वर्षाच्या आत. इथे बायका हमखास चुकतात : आज देईल, सुगीला देईल, उचल मिळाल्यावर देईल, असं करत दोन वर्षं जातात आणि या वाटेने पहिल्या वर्षाची वसुली होत नाही. दर महिन्याच्या थकबाकीसाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. अर्जासोबत हुकमाची नक्कल, पासबुकाची झेरॉक्स आणि महिनेवार थकबाकीचा तक्ता जोडा, आणि नवरा टोळीला निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, तो दाखल करा.